चाकोरीची रुंदी

मराठी लेखकांनीं 'चाकोरी' या शब्दावर बराच अन्याय केला आहे. ज्याच्या लिखाणांत नवें कांहीं नाहीं त्यास चाकोरींतला लेखक म्हणावयाचें, ज्यानें वडिलांचाच व्यवसाय पुढें चालविला त्याचें आयुष्य चाकोरीबद्ध ठरवावयाचें, अशी सुशिक्षितांची वहिवाट पडून गेली आहे. गाडीवानास मात्र हा शब्द निराळ्या अर्थानें ठाऊक होता. चाकोरी म्हणजे गाडीच्या दोन चाकांनीं रस्त्यावर पाडलेल्या दोन समांतर खांचा. पावसाळ्यांत चिखल झाला, उन्हाळ्यांत तोच चिखल वाळून दगडासारखा झाला, म्हणजे या खांचांतून चाक बाहेर काढणें कठीण होई. अशा वेळीं ज्याच्या गाडीच्या चाकांमधील अंतर गांवच्या इतर गाड्यांएवढें असे, त्याचे बैल सुखानें चालत. ज्याचें अंतर चार बोटें कमी किंवा अधिक असे, त्याचें एक चाक खांचेंत आणि दुसरें कडेवर, अशी गाडीची गति होई. आंस तरी मोडे किंवा गाडी तरी कलंडे.

दोन चाकांमध्यें अंतर किती असावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु रस्ता, पूल, आगगाडी आणि मोटार यांचा पुष्कळसा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरला आहे. आज तो प्रश्न नव्या रूपानें पुढें आला आहे. मोटारीचा हब आणि चाक यांच्यामध्यें धातूचें एक जाड कडें बसवावयाचें, म्हणजे चाक तितकें बाहेर येतें, गाडी रुंद पावलांवर उभी राहिल्यासारखी दिसते, आणि मोठा टायर आंत घासत नाहीं. या कड्यास गॅरेजांत 'स्पेसर' म्हणतात. तो विकत मिळतो. पण हौशी मालक लेथवाल्याकडे जाऊन आपल्या मापाचा करवूनहि घेतात. इंचभर जाडीच्या या कड्यानें जें बदलतें तें केवळ गाडीचें रूप नव्हे. तो एका जुन्या करारांतला फेरफार असतो. तो करार कसकसा होत गेला, हें पाहावयास पेण आणि रोहें हे दोन तालुके फार सोयीचे आहेत.

या भागांत चाक उशिरां आलें. पूर्वींचा कुलाबा, १९८१ पासून रायगड, हा जिल्हा खाड्यांचा. पेणचा व्यापार अंतोऱ्याच्या बंदरावरून आणि धरमतरच्या खाडींतून मुंबईस जाई. मिठागरांचें मीठ आणि खार जमिनींतला तांदूळ पडावांत भरला जाई. रोह्यास कुंडलिकेची भरती गांवाशीं येऊन भिडे आणि रेवदंड्याच्या मुखांतून शिरलेले मचवे तेथवर येत. घाटावरचा माल खालीं आणावयाचा तर तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. ज्या देशीं भरतीचें पाणी हीच वाट, तेथें चाकोरीचा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं.

तरीहि वाटेच्या रुंदीची एक जुनी साक्ष रोहें तालुक्यांतच उभी आहे. नागोठण्यास अंबा नदीवर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेला दगडी कमानींचा पूल आहे. तो चौलच्या काझी अलाउद्दीन यानें बांधविला असें मानतात. त्याच्या दोन कठड्यांमधील जागा दहा फुटांच्याहि आंतच भरते. ज्यानें हा पूल बांधविला त्याच्या नजरेपुढें माणसें, घोडे आणि ओझ्याचे बैल होते. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या नव्हत्या. पुलाची रुंदी म्हणजे त्या काळच्या रहदारीचें दगडांत कोरलेलें अनुमानच होय. पुढच्या काळांतल्या वाहनांस तो अपुरा पडला, यांत बांधणाराचा दोष नाहीं. मात्र एक गोष्ट त्यावरून स्पष्ट होते. वाहन आणि वाट या दोहोंचें माप एकमेकांवर अवलंबून असतें, आणि एकानें आपलें माप बदललें कीं दुसऱ्यावर ताण पडतो.

घाटावरची स्थितिहि फार निराळी नव्हती. दख्खनमधील जुन्या गाड्यांचीं चाकें भरीव असत. कांहीं ठिकाणीं तीं दगडाचींहि असत. असली गाडी ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि ती गांवाची शीव सहसा ओलांडीत नसे. १८३० सालीं सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां बोरघाटांतून चाकांच्या गाडीस जातां येईल असा रस्ता खुला झाला. त्यानंतर हलक्या आणि मजबूत गाडीची गरज भासूं लागली. १८३६ च्या सुमारास गेसफर्ड नांवाच्या तोफखान्यांतील अधिकाऱ्यानें सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णीस सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. आऱ्यांचें चाक आणि लोखंडी आंस असलेली गाडी त्यानंतर देशावर पसरत गेली. रस्ता आधीं कीं गाडी आधीं, या वादाचें उत्तर या हकीकतींत सांपडतें. दोघांनीं एकमेकांस पुढें ओढलें.

या नव्या गाडीचें चाक म्हणजे सुतार आणि लोहार यांचें संयुक्त काम होतें. मध्यें लाकडी तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांस जोडलेले लाकडाचे वक्र तुकडे आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव किंचित् लहान करावयाची, ती विस्तवांत लाल तापवावयाची, तापल्यानें ती वाढली कीं चाकावर चढवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. ती आकसली म्हणजे सगळें चाक करकचून एक होई. तेथें खिळा नव्हता, सरस नव्हता. नुसत्या दाबानें लाकडाचे तुकडे जागच्या जागीं राहात. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण मोटारीचें चाकहि दाबानेंच जागीं राहतें.

गाडीच्या आंसाच्या टोकास चाक निसटूं नये म्हणून खीळ असे. तुंबा आणि खीळ यांच्यामध्यें चकती घालीत. लाकूड झिजून चाक आडवें हालूं लागलें, म्हणजे गाडीवान आणखी एक चकती चढवी. चाक आंसावर किती बाहेर राहावें, हें ठरविणारी ही चकती म्हणजे आजच्या स्पेसरची पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. परंतु दोहोंत एक भेद आहे. गाडीवानाची चकती झीज भरून काढण्यासाठीं होती. तिनें चाक आपल्या मूळ जागीं येई. स्पेसर चाकास मूळ जागेवरून हलवितो.

चाकांमधील अंतराचा खरा वाद आगगाडीनें पेटविला. बैलगाडीची चाकोरी गांवोगांवच्या वहिवाटीनें ठरे. रुळांची चाकोरी मात्र कोणीतरी सही करून ठरवावी लागते. इंग्लंडांत स्टीफन्सन यानें कोळशाच्या खाणींतील गाड्यांचें ४ फूट ८॥ इंचांचें अंतर पुढें चालविलें. ब्रुनेल या दुसऱ्या प्रख्यात इंजिनिअरास तें अरुंद वाटलें. त्यानें आपल्या रेल्वेसाठीं ७ फुटांहून किंचित् अधिक अंतर घेतलें. ब्रुनेलच्या गाड्या वेगानें आणि स्थिरपणें धांवत. पण ज्या स्टेशनावर दोन मापें एकत्र येत, तेथें सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडींत भरावा लागे. अखेर १८४६ च्या कायद्यानें स्टीफन्सनचें माप सामान्य नियम ठरलें. श्रेष्ठ माप हरलें आणि सर्वांचें माप जिंकलें.

हिंदुस्थानांत हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हां सिम्स या सल्लागार इंजिनिअरानें ५ फूट ६ इंच सुचविले. गव्हर्नर जनरल डलहौसी याचा कल ६ फुटांकडे होता. शेवटीं ५ फूट ६ इंच हें माप कायम झालें, आणि त्याच रुळांवरून १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूंची आगगाडी गेली. एवढ्यावर प्रश्न मिटला मात्र नाहीं. १८७० मध्यें लॉर्ड मेयो याच्या कारकीर्दींत खर्च वांचविण्यासाठीं एक मीटरचें माप स्वीकारण्यांत आलें. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या बार्शी लाइट रेल्वेचें माप अडीच फुटांचें होतें, आणि नेरळहून माथेरानास १९०७ सालीं पोंचलेल्या गाडीचें माप अवघें दोन फुटांचें. प्रत्येक माप आपआपल्या जागीं शहाणपणाचें होतें. पण सबंध देशाचा विचार करतां मधल्या बदलीच्या स्टेशनांवर पोतीं उचलणाऱ्या हमालांच्या पाठीनें त्या शहाणपणाची किंमत भरली. १९९२ पासून रेल्वेनें बहुतेक सर्व मार्ग एकाच रुंदीचे करण्याचा कार्यक्रम हातीं घेतला, आणि बार्शीची लाइनहि त्यांत मोठ्या मापाची झाली.

माथेरानच्या गाडीची हकीकत रायगड जिल्ह्यांतीलच आहे आणि ती या विषयाशीं फार जवळची आहे. आदमजी पीरभॉय कुटुंबानें ही लाइन बांधविली. डोंगराची चढण कांहीं ठिकाणीं वीस फुटांस एक फूट इतकी, आणि वळणें अतिशय तंग. अशा वळणावर इंजिनाच्या तीन जोड्या ताठ आंसांवर असल्या, तर चाकें रुळावरून उतरावयाचीं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याच्या इंजिनांत क्लीन-लिंडनर या नांवानें ओळखली जाणारी योजना घातली होती. तींत चौकटीशीं जखडलेल्या एका आंसाभोंवतीं दुसरा पोकळ आंस असतो. चाकें या पोकळ आंसावर बसविलेलीं असतात, आणि तो वळणावर थोडा आडवा सरकूं शकतो, थोडा तिरपाहि होऊं शकतो. म्हणजे चाकानें आपली जागा सोडावी ही सोय तेथें मुद्दाम केलेली होती. मात्र ती करणारांनीं आंस, चौकट, वळण आणि वजन या चारहि गोष्टींचें गणित आधीं मांडलें होतें. चाक हलविणें हें पाप नव्हे. गणितावांचून हलविणें हें धोक्याचें.

पेण-रोह्यास आगगाडी फार उशिरां आली. पनवेलहून येणारी लाइन १९८६ सालीं रोह्यापर्यंत पोंचली, आणि रोह्याच्याच पुढें कोंकण रेल्वेचा आरंभ झाला. २६ जानेवारी १९९८ रोजीं ती संबंध खुली झाली, तेव्हां डलहौसीच्या काळीं ठरलेलें तेंच ५ फूट ६ इंचांचें माप दक्षिणेस मंगळुरापर्यंत गेलें. दीडशें वर्षांपूर्वीं ठरविलेल्या अंतरावर नव्या बोगद्यांची आणि पुलांची रुंदी आंखली गेली. एकदां ठरलेली चाकोरी किती दीर्घायु असते, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

मोटार आली तेव्हां ती रुळांपासून मुक्त होती. पण चाकोरींतून ती सुटली नव्हती. अमेरिकेंत हेन्री फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ सालीं निघाली. तिच्या चाकांमधील अंतर सामान्यतः ५६ इंच असे. परंतु त्या देशाच्या दक्षिण भागांत घोडागाड्यांच्या खांचा ६० इंचांवर पडलेल्या होत्या. म्हणून फोर्ड कंपनी दक्षिणेसाठीं ६० इंचांची वेगळी गाडी १९१६ च्या सुमारापर्यंत बनवीत असे. जगांतील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यानेंहि खेड्यांतल्या गाडीवानाच्या खांचेपुढें मान तुकविली. डांबरी रस्ते झाले तेव्हां हें बंधन सुटलें, आणि चाकोरीची रुंदी रस्त्याऐवजीं कारखान्याच्या कागदावर ठरूं लागली.

शेतावर मात्र ती पिकाच्या ओळींनीं ठरे. १९४६ सालीं इंग्लंडांत निघालेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचीं चाकें आंत-बाहेर घेतां येत. चार-चार इंचांच्या टप्प्यांनीं हें अंतर वाढवितां येई, म्हणजे ओळींतलीं रोपें चाकाखालीं सांपडत नसत. येथेंहि हा बदल कारखानदारानें आधीं योजिलेला होता, आणि आंस त्या बेतानें जाड केलेला होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीनें मुंबईस विलीज जीपची जुळवणी सुरूं केली. लढाईसाठीं जन्मलेल्या या गाडीच्या चाकांमधील अंतर सुमारें ४९ इंच, म्हणजे तत्कालीन साध्या मोटारीहून बरेंच कमी. अरुंद वाटेवरून जाणें आणि विमानांत वा होडींत मावणें, यासाठीं तें योग्यच होतें. पण डांबरी रस्त्यावर वेगानें वळतांना अरुंद आणि उंच गाडी उलटण्याचा संभव अधिक. रायगड जिल्ह्यांत पेण, अलिबाग, रोहें या भागांत उतारूंची ने-आण करणारी 'मिनीडोर' ही पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची तीनचाकी गाडीहि याच नियमानें बांधलेली. तिच्या पुढच्या एकाच चाकामुळें ती चाकोरींत बसत नाहीं. तें चाक दोन खांचांमधल्या उंचवट्यावरून चालतें. गच्च भरलेल्या तीनचाकीचा चालक वळणावर वेग कां आवरतो, याचें कारण पुस्तक न वाचतांहि त्यास कळतें.

हें कारण साधें आहे. गाडीचें वजन ज्या उंचीवर एकवटलेलें असतें ती उंची आणि चाकांमधील निम्में अंतर, यांच्या प्रमाणावर गाडीचें उलटणें अवलंबून असतें. समजा, एका जीपच्या चाकांमधील अंतर १२३० मिलिमीटर आहे आणि वजनाचा मध्य ६५० मिलिमीटर उंचीवर आहे. प्रत्येक बाजूस २५ मिलिमीटरचा स्पेसर घातला, तर अंतर १२८० होतें. म्हणजे स्थिरता शेंकडा चार इतकी वाढली. हा लाभ खरा आहे, पण तो लहान आहे. दोन पोतीं टपावर चढविलीं कीं तो नाहींसा होतो.

या लाभाची किंमत कोठें भरावी लागते, तें पाहिलें पाहिजे. त्या चाकावर ३०० किलोचा भार असेल, तर तो भार २५ मिलिमीटर बाहेर गेल्यानें बेअरिंगवर साडेसात किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ सतत पडतो, आणि खड्ड्यांत तो कितीतरी पटींनीं वाढतो. पुढच्या चाकांच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. चाक ज्या कल्पित रेषेभोंवतीं वळतें, ती जमिनीस जेथें भेटते तो बिंदु आणि टायरचा मध्य यांतील अंतर कारखान्यानें ठरविलेलें असतें. स्पेसरनें तें वाढतें. मग स्टिअरिंग जड होतें, खड्ड्याचा हिसका हाताला बसतो, आणि ब्रेक लावतांना एका चाकाची पकड सुटली कीं गाडी एका बाजूस ओढली जाते.

आतां खुद्द कड्याकडे वळूं. सामान्य माणसाची समजूत अशी असते कीं चाक स्टडांवर टांगलेलें असतें. तसें नाहीं. नट आवळले म्हणजे स्टड किंचित् ताणले जातात, आणि त्या ताणानें चाक हबच्या सपाट तोंडावर इतकें घट्ट दाबलें जातें कीं दोहोंमधील घर्षणच सारा भार पेलतें. लोहाराची धाव ज्या युक्तीनें चाक आवळी, तीच ही युक्ति. आवळ कमी पडली कीं चाक सूक्ष्म हालूं लागतें आणि स्टड दर फेऱ्यास एकदां इकडे, एकदां तिकडे वांकतो. टायरचा घेर सुमारें दोन मीटर धरला, तर एका किलोमीटरास पांचशें फेरे होतात. पेणहून नागोठण्यावरून रोह्यास जाणारा रस्ता चाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे एका खेपेंत वीस हजार फेरे. तार वारंवार वांकविली म्हणजे ती तुटते, हें मुलांसहि माहीत आहे. स्टडहि तसाच तुटतो, आणि एक तुटला कीं उरलेल्यांवरचा भार वाढून ते लवकर तुटतात.

म्हणून स्वतः स्पेसर करवून घेणाऱ्यानें लेथवाल्यास जी मापें द्यावयाचीं, त्यांतील एकहि मोघम असूं नये. पहिली गोष्ट धातूची. भंगारांतील अल्युमिनियम वितळवून ओतलेली चकती बाहेरून सुबक दिसते, पण तिच्या पोटांत हवेचीं पोकळ भोकें असूं शकतात. या कामास ठराविक प्रतीचा, उष्णतेनें कणखर केलेला मिश्रधातूचा ठोकळा किंवा पोलादच पाहिजे. दुसरी गोष्ट दोन्ही तोंडांच्या समांतरतेची. दीडशें मिलिमीटर रुंदीच्या कड्यांत मिलिमीटरचा पांचवा हिस्सा फरक राहिला, तर सहाशें मिलिमीटर व्यासाच्या टायरच्या कडेस तो चौपट, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून अधिक होतो. गाडी वेगांत थरथरूं लागते. तिसरी गोष्ट मध्याची. हबच्या मध्यावर एक गोल उंचवटा असतो. त्यावर कड्याचें भोक मुळींच सैल न राहतां बसलें पाहिजे, आणि कड्याच्या बाहेरच्या तोंडावर चाकासाठीं तसाच उंचवटा कोरला पाहिजे.

चौथी गोष्ट भोकांच्या वर्तुळाची. जीपच्या चाकास पांच स्टड असतात आणि ते साडेपांच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात. पांच भोकांत एकासमोर एक असें भोक नसतें, त्यामुळें व्यास सरळ पट्टीनें मोजतां येत नाहीं. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजावें. तें व्यासाच्या ०·५८८ पट, म्हणजे जीपच्या बाबतींत सुमारें ३·२३ इंच भरलें पाहिजे. जो कारागीर नजरेनें समोरासमोर पट्टी धरतो, त्याचें कडें बसतें खरें, पण ओढून-ताणून बसतें.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नट स्टडावर निदान स्टडाच्या जाडीइतका चढला पाहिजे. १२ मिलिमीटर जाडीच्या, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या स्टडावर हें प्रमाण आठ वेढ्यांचें होतें. पातळ, म्हणजे पांच मिलिमीटरचें कडें जुन्याच स्टडांवर चढविलें, तर तीन वेढ्यांहून अधिक गेले. तेवढी लांबी मुळांत शिल्लक नसेल, तर लांब स्टड बसविल्यावांचून तें कडें घालूं नये. जाड कडें हबला आपल्या नटांनीं वेगळें जखडावें लागतें, आणि चाकासाठीं त्यांत दुसरे स्टड बसवावे लागतात. म्हणजे जेथें एक जोड होता तेथें दोन झाले, आणि आंतला जोड चाक काढल्यावांचून तपासतां येत नाहीं. दोन-तीन पातळ कडीं एकावर एक रचणें हें तर सर्वस्वी वर्ज्य. हीं सर्व मापें सांभाळून बसविल्यावरहि, शें-पन्नास किलोमीटर चालल्यानंतर नट पुन्हां मापाच्या पान्यानें तपासावे लागतात. धातू धातूवर बसून किंचित् दबतो, आणि तेवढ्यानेंहि आवळ ढिली होते.

या सर्व गोष्टी घरच्या घरीं जमणें अशक्य नाहीं. रोह्याजवळ धाटाव येथें औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींच्या आश्रयानें लेथ चालविणारे कारागीर वाढतात, आणि त्यांच्यांतील कुशल माणूस कारखान्याच्या तोडीचें कडें कातूं शकतो. अडचण कारागिराच्या हाताची नाहीं. त्याच्याकडे येणारें गिऱ्हाईक माप सांगतें तें कड्याचें. बेअरिंग, स्टिअरिंग आणि स्टड यांचें गणित कोणीच सांगत नाहीं. लेथवाल्याची जबाबदारी कड्यापाशीं संपते, कारखान्याची जबाबदारी मूळ चाकापाशीं संपते, आणि या दोहोंच्या मधली इंचभर जागा कोणाचीच राहात नाहीं.

कायद्यानें या बेवारशी जागेवर हात ठेवला आहे. हिंदुस्थानभर लागू होणारा पहिला मोटार कायदा १९१४ सालचा, दुसरा १९३९ चा, आणि त्यानंतरचा १९८८ चा. या शेवटच्या कायद्याच्या ५२ व्या कलमाचा आशय असा कीं, नोंदणीपत्रांतील तपशील आणि कारखानदारानें मूळ ठरविलेली रचना यांत तफावत पडेल असा फेरफार मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडक रीतीनें लावला, आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें असा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कलमांत स्पेसरचें नांव नाहीं. पण ज्या कड्यानें चाक कारखान्यानें ठरविलेल्या जागेवरून हलतें, त्याचा विचार करतांना या कलमाकडे डोळेझांक करतां येत नाहीं. रायगड जिल्ह्यांत ज्या गाड्यांवर 'एमएच ०६' अशीं अक्षरें असतात, त्यांची नोंद पेणच्या परिवहन कार्यालयांत होते. ज्या पेणच्या बंदरावर एके काळीं माल पाण्यावरून येई आणि चाकाचा संबंध बेताचाच होता, तेथेंच आतां चाकांच्या गाड्यांचा हिशेब ठेवला जातो.

रोहें तालुक्यांतील कोलाड येथें या इतिहासाचे दोन प्रवाह एकत्र आले आहेत. १९९९ सालीं कोंकण रेल्वेनें कोलाडपासून गोव्यांतील वेर्ण्यापर्यंत मालमोटारी आगगाडीच्या उघड्या डब्यांवर चढवून नेण्याची सेवा सुरूं केली. भरलेली मालमोटार आपल्या चाकांवर उभी असते, आणि तिच्याखालीं ५ फूट ६ इंचांच्या रुळांवरचीं दुसरीं चाकें फिरत असतात. डब्यावरच्या प्रत्येक मोटारीची उंची-रुंदी बोगद्याच्या मापांत बसली पाहिजे, म्हणून चढविण्यापूर्वीं ती पाहिली जाते. मोटारीचा मालक, रेल्वे आणि बोगदा खणणारा इंजिनिअर हे एकमेकांस कधीं भेटलेले नसतात. त्यांच्यामध्यें विश्वास असतो तो केवळ मापांचा.

चाकोरी या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. ती आळसानें पडत नाहीं. पुष्कळ अनोळखी माणसांनीं एकमेकांच्या मापाचा मान राखला, म्हणजे ती पडते. ती रुंद करूं नये असें इतिहास सांगत नाहीं. बोरघाट रुंद झाला, मीटरगेज गेलें, ट्रॅक्टरचें चाक बाहेर सरकलें. पण जेथें जेथें हा बदल टिकला, तेथें तेथें आंसापासून रस्त्यापर्यंत सर्वांचें माप पुन्हां काढलेलें होतें. जो केवळ कडें कातून घेतो आणि बाकींचें गणित सोडून देतो, तो चाकोरी सोडून नव्या वाटेस लागत नाहीं. तो एक चाक खांचेंत आणि एक कडेवर ठेवून चालतो. आणि त्या गाडींत तो एकटाच बसलेला नसतो.